आमचा तो भांग

माझ्या लग्नात मला बायको मिळाली आणि बायकोच्या मागोमाग एक पोरगा मिळाला. आमच्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी येते तेव्हा तिच्या माहेरचं एखादं लहान माणूस पाठराखणीला येतं, चार दिवस राहतं, गोडधोड खातं आणि परत जातं. मथुराच्या पाठीमागून तिचा भाऊ हरेश आला. असेल नऊ-दहा वर्षांचा. चार दिवस झाले, आठ झाले, न्यायला कोणी येईना. येणार कोण? आई गेलेली. बाप दिवसा मिठागरावर आणि संध्याकाळी गुत्त्यावर. शेवटी माझ्या बापानेच विषय संपवला. जेवताना म्हणाला, याला रोज विचारून वाढू नका, पाव्हण्याला विचारतात, हा घरचा आहे. झालं. त्या दिवसापासून हरेश आमचा. पुढे तो तटरक्षक दलात केवढा मोठा साहेब झाला, गाडीवर तारे आले, दाराशी बंदूकवाला उभा राहिला. पण मथुरा शेवटपर्यंत त्याला टोचायची की पाठराखणीला आलास आणि परत जायचंच विसरलास, निर्लज्जा.

मथुराला जाऊन आता वर्ष होत आलं. ती असताना हे सगळं तीच सांगायची आणि मी बाजूला बसून हुंकार द्यायचो. आता सांगणारी गेली आणि हुंकार उरला. म्हणून लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीत संपली. नात हे वाचते आणि पेन्सिलीने माझ्या न चा ण करते. आजोबा, पानी नाही, पाणी. लिहितो बाई पाणी. बोलताना मात्र पानीच बोलणार, या वयात जीभ बदलून मिळत नाही.

लग्न झालं तेव्हा मला धड मिशी नव्हती. मथुरा माझ्याहून लहान, पण कामाला मोठी. घर खाडीच्या काठाला. आगाशीच्या बाजारातून पायी यायचं म्हणजे आधी वाड्या लागायच्या, केळी, नागवेली, मोगरा, मग झाडं संपायची आणि उघडं रान सुरू व्हायचं. तिथे आमची खारी शेती. एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे चिखलाचा बांध. बांध होता म्हणून गाव होतं. बांधाला एक उघाडी होती, म्हणजे लाकडी फळीचं दार. भरती आली की पाण्याच्या रेट्याने फळी आपोआप बंद व्हायची, ओहोटीला उघडायची आणि शेतातलं पाणी खाडीत जायचं. बंद होताना ती थाड करून वाजायची. ते आमचं घड्याळ. हरेश नवीन होता तेव्हा त्या आवाजाने दचकून बहिणीला बिलगायचा. वर्षभराने तोच आम्हाला सांगायला लागला, भावजी, फळी वाजली, पानी फिरलं.

जेवण काय, तांदळाची भाकरी आणि खाडी देईल ते. चिंबोऱ्या, कोलंबी, निवट्या. काही नसेल तेव्हा सुका जवळा कांद्यावर परतायचा, तव्यावर पडला की सगळ्या आळीला कळायचं. मथुराची भाकरी थापायची लय ठरलेली होती, तीन थापा आणि एक गोल फिरवणं. आता नातसून भाकरी करते, चांगली करते, पण मशीनवर दाबते. आवाजच नाही. भाकरी खातो आणि कान उपाशी राहतात.

एक शब्द इथेच सांगून ठेवतो, कारण सगळं त्या शब्दावर अडलं होतं. अमावास्या-पुनवेच्या आसपास खाडीला पाणी चढतं, त्याला उधाण म्हणतात, ते सगळ्यांना माहीत असतं. मधल्या सप्तमी-अष्टमीला पाण्याचा जोर मोडतो. भरती येते पण मेल्यासारखी, बांधाच्या पायाला शिवतही नाही, फळीसुद्धा वाजत नाही. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांग लागला म्हणजे बांधाचं काम. उधाणाने कुरतडलेली जागा त्या चार दिवसांत भरून काढायची, नाहीतर पुढच्या उधाणाला बांध फुटून खांड पडते आणि पीक खारं होतं. घरटी माणसं यायची, बायका पाट्या वाहायच्या, पुरुष चिखल कापायचे. म्हणून आमच्यात सरळ म्हणायचे, कुठे चाललास? भांगात चाललो.

हरेश शाळेत हुशार होता, पण तसे हुशार पुष्कळ असतात. त्याचं वेगळं होतं. पाणी फिरायला लागलं की तो माणसं मोजायचा. खाडीत कोण उतरलंय, कोण परत आलंय, त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. आमच्या शेजारची कोंडाआजी निवट्या धरायला चिखलात जायची आणि नादात तिथेच रमायची. तिच्या सुनांना पत्ता नसायचा. हा जेवता जेवता ताट सोडून उठायचा, आजी आली नाय, आणि पळायचा. म्हातारी शिव्या देत यायची, मेल्या, माझा बाप हायस का? हा मागे मागे तिची टोपली घेऊन. कोणी शिकवलं नव्हतं त्याला हे. मी पाहिलंय ते सांगतो, पुढे सरकारने त्याला कपडे दिले, बोट दिली, पगार दिला, पण काम त्याने आमच्या बांधावर आधीच धरलं होतं.

त्याला शिकवायचं हे मथुराने ठरवलं आणि घराने निमूट मान्य केलं. ती पाटी वाहायला दोन माणसांची पाळी एकटी भरायची आणि म्हणायची, त्याचा हात मोजू नका, माझे दोन मोजा. पण परीक्षा नसली की हरेश स्वतःच उतरायचा. आगाशीची शाळा झाली, पुढे वसईला कॉलेज झालं. मग एकदा त्याने पेपरातली जाहिरात वाचून दाखवली. तटरक्षक दल. तेव्हा ते नवीनच निघालं होतं, आमच्याकडे कोणी नाव ऐकलेलं नव्हतं. आळीतल्या एकाने विचारलं, म्हणजे किनाऱ्यावर वॉचमन काय? हसले सगळे. माझा बाप हसला नाही. त्याने हरेशला नीट विचारून घेतलं की काम नेमकं काय. हरेशने सांगितलं, समुद्रात फिरायचं, चोरटा माल धरायचा, बोटी बुडाल्या तर माणसं काढायची. बाप थोडा वेळ सुतळी वळत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे बांधावरचाच मानूस. आपला बांध चिखलाचा, त्यांचा नुसता पान्याचा. सांबाळून राहा, पान्याचा बांध दिसत न्हाय." तटरक्षक दल म्हणजे काय ते याहून बरं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

परीक्षा झाली, लांब कुठेतरी मुलाखती झाल्या, डॉक्टरने दात-डोळे-छाती सगळं तपासलं. हरेश साहेबाच्या जागेवर निवडला गेला. आता एवढंच उरलं होतं की पोलीस घरी येऊन चौकशी करणार, पोरगा चालीचा बरा आहे ना ते लिहून नेणार आणि मग बोलावणं येणार.

पोलीस आला तो नेमका भांगात. आम्ही सगळे बांधावर. घरी एकटा बाप, गुडघा सुजला म्हणून ओटीवर बसलेला. हवालदार नवीन बदलून आलेला, घाटावरचा माणूस, सायकलवरून उन्हात आला होता. त्या दोघांत काय बोलणं झालं ते बापाने संध्याकाळी आम्हाला मोठ्या हौसेने सांगितलं, त्यामुळे मला शब्द न् शब्द पाठ आहे.

हवालदाराने विचारलं, मुलगा कुठे आहे?

"भांगात."

"भांगेत?"

"हां. परवापासून लागलाय ना. सगलं घर तिथंच हाय. सून बी तिथंच."

"सूनबाईसुद्धा?"

"मंग! बायकांबिगर भांग उरकतो का? आख्खं गाव असतं. जो येत न्हाय त्याला गाव दंड लावतो."

हवालदाराने म्हणे टोपी काढून घाम पुसला. मग विचारलं, हा मुलगा किती वर्षांपासून?

"धा वर्सांचा होता तवापासून. मीच नेला पयल्यांदा. आदी रडला. मंग अशी गोडी लागली का परीक्षा नसली म्हंजे घरात थांबत न्हाय."

बापाने चहा पुढे केला. हवालदाराने कपाकडे बघितलं, वास घेतला आणि तसाच खाली ठेवून सायकलवर बसला. बापाला राग आला तो एवढ्याचाच. म्हणाला, मी पोराची एवढी तारीफ केली आणि या माणसाने चहाचा अपमान केला.

दोन-तीन दिवसांनी आमचा पोलीस पाटील आला. ओटीवर बसेना, उभ्यानेच म्हणाला, हरेशच्या कागदावर वाईट पडलंय. हवालदार ठाण्यात सांगतोय की सगळं गाव भांगेत बुडालेलं, बायकासुद्धा, आणि पोराला म्हाताऱ्याने लहानपणीच नाद लावला. कागद अजून वर गेला नाही, फौजदारांच्या टेबलावर आहे. सही झाली की गेला.

पहिल्यांदा आम्हाला कळेचना. मग एकदम कळलं. कोणी हसलं नाही. आज हसतो, तेव्हा घरात कोणी मेल्यासारखं झालं. बाप भिंतीकडे तोंड करून बसला. एकच बोलला, "मी तर चांगलंच सांगितलं." त्या दिवशी तो जेवला नाही. मला त्याच्याकडे बघवेना. ज्याने पोराला ताट दिलं त्याच्याच तोंडून पोराचं ताट गेलं, आणि तेही कौतुक करताना.

हरेश बापाजवळ जाऊन बसला. म्हणाला, जाऊ द्या बाबा, नसलं नशिबात तर नसलं. बांधावर काय कमी काम आहे? तो हे बापाला बरं वाटावं म्हणून बोलला ते मला कळत होतं. मथुराला तेवढं कळूनही सहन झालं नाही. भाकरी अर्धी थापलेली तशीच ठेवून ती चुलीपासून उठली.

"बांधावर काम कमी न्हाय, पन बांधावर मी हाय," ती म्हणाली. "तुला कोनी बोलावलंय तिथं?"

आम्ही ठाण्यात गेलो. मी, मथुरा, हरेश आणि नको नको म्हणत असताना लंगडत आलेला बाप. ठाण्यात मी आधी कधी पाय ठेवला नव्हता. फौजदार तरणा होता, नाकावर चष्मा, पुढ्यात कागदांचा ढीग. तो हवालदार कोपऱ्यात उभा. मी बोलायला लागलो आणि नमस्कारावरच अडकलो. मथुराने मला मागे केलं. ती म्हणाली की साहेब, मी बहीण आहे, मी भांग म्हणजे काय ते सांगितलं तर भावासाठी खोटं बोलते म्हणाल. तुम्हीच बाहेरच्या कोणाला तरी विचारा. आमच्यातल्या कोणाला नको.

ठाण्याच्या फाटकाशी एक मासळीवाली रोज बसायची. फौजदाराने तिलाच आत बोलावलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तिला वाटलं फाटकावरून उठवतात. फौजदाराने विचारलं, बाई, तुमच्याकडे भांग असते का?

"म्हैन्यातनं दोनदा असतो," ती म्हणाली.

"कोण करतं?"

"कोन करनार? देव करतो." मग तिच्या डोळ्यांत चमक आली. "साहेब, दर पंधरा दिवसांनी तुमी माज्याशी भांडता ना, मावरं एवढं महाग का म्हनून? तवा मी काय सांगते? भांग हाय साहेब, भांग हाय, खाडीला जोर न्हाय, जाळ्यात काय येत न्हाय. मंग तुमाला इतके दिवस काय वाटलं? मी नशा करून भाव सांगते?"

फौजदाराने चष्मा काढला. हसू आवरायला त्याने तोंडावर कागद धरला तो नेमका हरेशचाच. म्हणाला, खरंच, मला वाटायचं ही बाई तारेत असते म्हणून महाग विकते. तेव्हा मथुरा बोलली. ती जन्मभर माझ्याशी, मुलांशी, दुकानदारांशी पुष्कळ बोलली, पण हे एक वाक्य मी कुठेही ऐकू येईल तिथे ओळखेन.

"साहेब, तुमची ती भांग. आमचा तो भांग."

फौजदार भला माणूस. पण म्हणाला, हवालदाराने लिहिलंय ते हवालदारानेच खोडलं पाहिजे, तेही डोळ्यांनी बघून. बोलावण्याची तारीख जवळ आली होती, मधे एकच भांग होता. त्या भांगाला हवालदार आला. सायकल बांधाच्या तोंडाशी लावली, बूट सायकलला टांगले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली. बाप काठी टेकत त्याच्याआधी जाऊन बसला होता. बांधावरच्या देवाला नारळ फोडून पहिला तुकडा त्याने हवालदाराच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, घ्या, आता तुमी बी भांगात. हवालदाराने तो खाल्ला. वर चहासुद्धा मागून घेतला. मग उत्साहात बांधावरून खाली उतरला आणि पोटरीपर्यंत रुतला. एक पाय काढला की दुसरा आत. आम्ही हसत उभे राहिलो. हरेश आडवा होत होत सरकला, हवालदाराला त्याने काखेत धरून उपटलं आणि बांधावर आणून बसवलं. तटरक्षक दलातल्या साहेबाने बाहेर काढलेला पहिला माणूस तो. सरकारी यादीत हे नसणार.

कागद नीट होऊन गेला. बोलावणं आलं. निघायच्या सकाळी मथुराने त्याच्या ट्रंकेत जवळ्याची पुडी कपड्यांच्या आत लपवली, साहेबांच्या कपड्यांना वास लागेल म्हणून तो ओरडेल याची तिला खात्री होती. तो ओरडला नाही. बापाच्या पाया पडला तेव्हा बाप म्हणाला, "कोन बाहेर राहिलं ते बघत जा." बस, एवढंच.

मग तो वाढतच गेला. एकदा वादळात मच्छीमारांची होडी उलटली आणि हा बोट घेऊन अशा पाण्यात गेला, जिथून बाकीचे माघारी फिरले होते. माणसं काढली, सगळी काढली. हे आम्हाला त्याने नाही सांगितलं, त्याच्या हाताखालच्या पोराने सांगितलं. तो पोरगा म्हणाला, साहेब सगळ्यांना वर घेतल्यावरही हलेनात, त्या मच्छीमारांना पुन्हा पुन्हा विचारत होते, अजून कोण राहिलंय? मी आणि मथुराने एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही कोंडाआजी दिसली.

त्याला स्वतःची मोठी बोट मिळाली तेव्हा त्याने आम्हाला बोलावलं. पांढरी शुभ्र बोट. शिडीच्या तोंडाशी मथुराने चपला काढल्या. एक अधिकारी म्हणाला, मॅडम, चालेल, घालून या. ती म्हणाली, भावाचं घर हाय, चपला बाहेरच. हरेश वर कडक कपड्यांत सलाम ठोकून उभा होता, तो खाली आला आणि तिच्या चपला उचलून त्याने स्वतः बाजूला ठेवल्या. सगळी माणसं बघत होती. मोठेपणा कुठे ठेवायचा ते त्याला माहीत होतं. शेवटी तो महानिरीक्षक झाला. मला तो शब्द धड म्हणता येईना, मथुरा अंगठेबहाद्दर, पण झटक्यात म्हणायची. आणि तो कुठल्याही बंदरातून फोन करो, पहिलं विचारणार, बाय, आज काय, भांग का उधाण? त्याच्या बोटीवर सगळी यंत्रं होती. त्याला ठाऊक असायचं. ती तरी बोटं मोजून तिथी लावायची आणि सांगायची. आणि बरोबर सांगितलं की तो म्हणायचा, हुशार आहेस.

आता खारी शेती नाही. बांधावर डांबरी रस्ता झाला, उघाडीची फळी कोणी चुलीत घातली माहीत नाही. नालासोपाऱ्याकडून इमारती सरकत सरकत आल्या, त्यांतल्या एकीत चौथ्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. खिडकीतून खाडी दिसते. मथुरा तिथे खुर्ची टाकून बसायची.

ती गेली तेव्हा हरेश सेवेतून उतरला होता, केस पांढरे, पाठ मात्र ताठ. राख खाडीत सोडायची हे ठरलेलंच होतं, दुसरं कुठे सोडणार? सकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला गेलो तर पाणी लांब, मधे नुसता चिखल. भरतीची वेळ, पण पाणी पुढे येईना. अष्टमी होती. दुःखात तिथी बघायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, जी बघायची ती मडक्यात होती. माझा मुलगा म्हणाला, इथूनच टाकू या, नाहीतर उधाणाला परत येऊ. हरेश खाली वाकला. त्याने बूट काढले, मोजे बुटांत घातले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मडकं छातीशी धरलं आणि उतरला. या वयात. गुडघ्याएवढ्या चिखलात एक पाय उपटून दुसरा टाकत तो बहिणीला पाण्यापर्यंत घेऊन चालला. पाठराखणीला आलेला माणूस, त्याने शेवटपर्यंत पाठ राखली.

आमच्या इमारतीतला एक तरुण बिचारा सोबत आला होता, नवीन राहायला आलेला, लांबचा कुठला. बूट बघून त्याने मला हळूच विचारलं, काका, ते साहेब कुठे चालले?

मी म्हटलं, "भांगात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. समजावून सांगणारी नव्हती. मी रस्त्यावर उभा राहिलो आणि हरेश परत येईपर्यंत चिखलाकडे बघत राहिलो, कोण बाहेर आहे ते मोजत.